पत्रातली माणसं समोर आली तेव्हा : बूलोन, १९०५

मराठी इंटरनेटवर 'गटग' हा शब्द आता चांगलाच रुळला आहे. महिनोन्‌महिने एकमेकांचं लिहिलेलं वाचायचं, त्यावर वाद घालायचे आणि मग एखाद्या शनिवार-रविवारी कुठेतरी जमून 'अच्छा, ते तुम्ही होय!' म्हणायचं. ऐकणाऱ्यांपैकी काही जण असे जमलेही असतील. पण आधी अक्षरांतून ओळख आणि मागाहून गाठभेट, हा क्रम काही इंटरनेटने शोधलेला नाही. आज मी ज्या गाठभेटीबद्दल बोलणार आहे ती शनिवारी, ५ ऑगस्ट १९०५ रोजी सुरू झाली. ठिकाण होतं फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावरचं बूलोन-सुर-मेर हे बंदर. वीस देशांतली ६८८ माणसं तिथे आली. यातल्या कितीतरी जणांचा आपसांत पत्रव्यवहार होता, पण अनेकांनी एकमेकांचा आवाज ऐकलेला नव्हता. त्यांना जोडणारी भाषा होती एस्पेरांतो.

थोडं मागे जाऊ. १८८७ साली वॉर्सामध्ये एक लहानसं पुस्तक निघालं. लेखकाचं नाव होतं 'डॉक्टर एस्पेरांतो', म्हणजे आशा बाळगणारा. हे टोपणनाव. खरा माणूस म्हणजे लुडविक झामेनहॉफ, सत्तावीस वर्षांचा डोळ्यांचा डॉक्टर, ज्यू. जन्म बियालिस्टोकचा. त्या गावात पोलिश, रशियन, जर्मन आणि यिद्दिश बोलणारे लोक शेजारी शेजारी राहत आणि एकमेकांचा दुस्वास करत. पुस्तकात व्याकरणाचे सोळा नियम होते, नऊशेच्या आसपास धातू होते आणि कापून पाठवायची कुपनं होती. कुपनावरचं वचन मोठं गमतीचं आहे : 'एक कोटी लोकांनी असंच वचन दिलं तर मीही ही भाषा शिकेन.' एक कोटी कुठून येणार! पण हजारभर नावं जमली, आणि १८८९ मध्ये झामेनहॉफने त्यांची नाव-पत्त्यांसकट यादी छापली. प्रत्येकाला एक क्रमांक. पुढे लोक पत्राखाली सहीबरोबर तो क्रमांकही घालू लागले. आजच्या भाषेत युजर आयडीच की हो!

म्हणजे या समाजाचा पाया एक पत्त्यांची वही. तुम्ही यादी उघडायची, एखादं नाव निवडायचं आणि पत्र टाकायचं. समोरच्याला भाषा येत नसेल तरी अडत नसे. पत्रासोबत छोटी शब्दसूची पाठवायची, तिच्या मदतीने तो अर्थ लावू शके. न्यूरेंबर्गहून एक मासिक निघत होतं. त्यात टॉल्स्टॉयचा लेख छापला म्हणून १८९५ मध्ये झारच्या सरकारने रशियात त्यावर बंदी घातली. बहुतेक वर्गणीदार रशियातलेच, मासिक बुडालं. तरी पत्रं चालू राहिली.

मग अठरा वर्षं हे लोक मोठ्या संख्येने भेटले का नाहीत? एक कारण सरळ आहे, प्रवासाचा खर्च. दुसरं कारण भीतीचं. लिहिलेली भाषा सगळ्यांना सारखी दिसते. पण इंग्रजाच्या तोंडची एस्पेरांतो रशियनाला कळेल का? आणि नसती कळली तर? पत्रांतून उभं राहिलेलं सगळं एका संध्याकाळीत हास्यास्पद ठरलं असतं. शिवाय डोळ्यांसमोर ताजं उदाहरण होतं. व्होलाप्युक ही दुसरी कृत्रिम भाषा. तिची तिसरी परिषद १८८९ मध्ये पॅरिसला भरली, तिथे म्हणे वेटरसुद्धा व्होलाप्युक बोलत होते. आणि पुढच्या काही वर्षांत ती चळवळ आपसांतल्या भांडणात संपली. गाठभेट झाली म्हणजे समाज टिकला, असं नसतं.

१९०४ च्या ऑगस्टमध्ये खाडीच्या दोन्ही बाजूंना, कॅले आणि डोव्हर इथे, एक छोटी रंगीत तालीम झाली. ती जमली, म्हणून बूलोनचे वकील आल्फ्रेद मिशो यांनी पुढच्या वर्षाचं आमंत्रण दिलं.

पहिल्याच संध्याकाळी नगरपालिकेच्या नाट्यगृहात प्रश्न सुटला. लोक एकमेकांना समजत होते. हेल वेगळे होते, चुका होत होत्या, पण दुभाषा लागत नव्हता. मोलिएरचं एक प्रहसन वेगवेगळ्या देशांतल्या हौशी नटांनी मिळून केलं. जिनिव्हाहून पंधरा वर्षांचा एक मुलगा आला होता, एदमों प्रिव्हा. हाच प्रिव्हा पुढे झामेनहॉफचा चरित्रकार झाला, आणि १९३१ च्या डिसेंबरमध्ये गोलमेज परिषदेहून परतणाऱ्या गांधीजींबरोबर त्याच बोटीने पत्नीसह मुंबईत उतरला. पण तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे.

आता माझ्या मते या कहाणीतला खरा भाग. पत्रात माणूस हवं तेवढंच दाखवतो. समोर आलं की चेहरा येतो, आवाज येतो, आणि धर्मही येतो. झामेनहॉफने उद्घाटनासाठी भाषण लिहिलं होतं आणि शेवटी एक प्रार्थना घातली होती, कुठल्याही एका धर्माच्या देवाची नव्हे. तिच्या शेवटच्या कडव्यात ख्रिस्ती, ज्यू आणि मुसलमान ही सारी एकाच देवाची लेकरं असं म्हटलं होतं. फ्रेंच पुढाऱ्यांनी ते आधी वाचलं आणि ते हादरले. हे १९०५ साल आहे, लक्षात घ्या. ड्रेफसचा खटला अजून निकालात निघालेला नव्हता. आल्फ्रेद ड्रेफस या ज्यू लष्करी अधिकाऱ्याला हेरगिरीच्या खोट्या आरोपाखाली शिक्षा झाली होती आणि त्यावरून फ्रान्स दुभंगला होता. अशा देशात भाषेचा जनक ज्यू आहे हे गाजलं तर? प्रार्थना गाळा, असा आग्रह झाला. झामेनहॉफ प्रार्थना सोडायला तयार झाला नाही, पण शेवटचं कडवं त्याने वाचलं नाही.

एवढी तडजोड. नंतर एमिल जाव्हाल यांनी त्याला समाधानाने कळवलं, की परिषदेवर आलेल्या सातशे लेखांपैकी फक्त एकात तू ज्यू असल्याचा उल्लेख आहे. जाव्हाल स्वतः ज्यू होते, नेत्रतज्ज्ञ होते आणि आता अंध झाले होते. या माणसाला दोष द्यावा असं मला वाटत नाही, वाऱ्याचा रोख तो ओळखून होता. पण विचार करा : आम्ही इथे फ्रेंच, इंग्रज, रशियन म्हणून नाही तर माणूस म्हणून भेटतो आहोत, असं ज्याने त्या व्यासपीठावरून सांगितलं, त्यालाच आपण कोण हे सांगायची मुभा नव्हती.

याच आठवड्यात एक जाहीरनामाही मंजूर झाला. एस्पेरांतोवाद म्हणजे फक्त या तटस्थ भाषेचा प्रसार, बाकीच्या आशा ज्याच्या त्याच्या खासगी. भाषा कुणाच्या मालकीची नाही, आणि तिचा पाया कुणी बदलायचा नाही, जनकानेसुद्धा नाही. संघटना म्हणून हे फार शहाणपणाचं होतं. एस्पेरांतो टिकली, व्होलाप्युक टिकली नाही, याचं एक मोठं कारण मला इथे दिसतं. पण झामेनहॉफला भाषेमागची बंधुभावाची कल्पनाच जास्त प्यारी होती, आणि नेमकी तीच खासगी खात्यात गेली.

वर्षभरातच, जून १९०६ मध्ये, बियालिस्टोकला ज्यूंची कत्तल झाली. दोन महिन्यांनी जिनिव्हाच्या दुसऱ्या परिषदेत झामेनहॉफ आपल्या गावच्या रस्त्यांवर काय घडलं ते उघड बोलला, आणि ज्या चळवळीला फक्त व्यवहारापुरती भाषा हवी तिच्याशी माझं काही देणंघेणं नाही असंही बजावलं. या वेळी त्याला कुणी अडवू शकलं नाही.

त्यानंतर दर वर्षी परिषद भरत गेली. दहावी पॅरिसला, २ ऑगस्ट १९१४ पासून. ३७३९ लोकांनी नावं नोंदवली होती, म्हणजे बूलोनच्या पाचपटीहून अधिक. झामेनहॉफ पती-पत्नी वॉर्साहून निघून कोलोनपर्यंत पोहोचले, तोवर महायुद्ध सुरू झालं. परिषद रद्द झाली. पुढे जाता येईना आणि आल्या वाटेने परतताही येईना, कारण जर्मनी आणि रशिया आता शत्रू होते. शेवटी स्वीडन आणि फिनलंडमार्गे मोठा वळसा घेऊन ते घरी पोहोचले. १४ एप्रिल १९१७ रोजी, जर्मनांच्या ताब्यातल्या वॉर्सात, झामेनहॉफ वारला.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर विचारा.