जिओकॅशिंग : घरी यजमान, प्रवासात पाहुणा

एकाने काहीतरी दडवावे आणि दुसऱ्याने ते हुडकून काढावे, या खेळाची ओढ आपल्याकडे मुलांच्या लपंडावापासून गडकोटांवरील गुप्तधनाच्या दंतकथांपर्यंत सर्वत्र आढळते. या जुन्या ओढीला उपग्रहांच्या मार्गदर्शनाची जोड मिळाली आणि इसवी सन २००० मध्ये एक नवा छंद जन्मास आला. त्यास जिओकॅशिंग असे म्हणतात. यातील 'जिओ' म्हणजे पृथ्वी आणि 'कॅश' म्हणजे दडवून ठेवलेला साठा. 'लपविणे' या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदावरून हा शब्द आला असून रोख रकमेशी त्याचा काहीही संबंध नाही.

खेळाचे स्वरूप साधे आहे. एक छंदोपासक पाणी न शिरणारा डबा एखाद्या जागी ठेवतो व त्या जागेचे अक्षांश-रेखांश संकेतस्थळावर जाहीर करतो. दुसरा ते आकडे घेऊन तेथे पोहोचतो, डबा शोधतो, आतील नोंदवहीत आपले नाव व दिनांक लिहितो आणि डबा होता तसाच परत ठेवतो. डब्यात छोट्या भेटवस्तू असतात. त्यातील एखादी उचलली तर तेवढ्याच किंवा अधिक मोलाची वस्तू ठेवावी, असा संकेत आहे. बक्षीस नाही, पंच नाही, स्पर्धा असलीच तर स्वतःशी. सारा खेळ अनोळखी माणसाच्या सचोटीवर चालतो.

या छंदाच्या दोन बाजू आहेत. आपल्या गावी आपण डबा ठेवणारे, म्हणजे यजमान असतो; प्रवासात आपण तो शोधणारे, म्हणजे पाहुणे असतो. दोन्ही भूमिकांची कर्तव्ये निराळी आहेत. ती नीट समजून घेतली, तर खटाव-माणसारख्या दुष्काळी मुलखातही हा छंद रुजू शकतो. न समजता केल्यास मात्र तो यजमानाला आणि पाहुण्यालाही अडचणीत आणतो.

जन्मकथा

अमेरिकेच्या जीपीएस प्रणालीचे उपग्रह पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. किमान चार उपग्रहांच्या संदेशांना पोहोचण्यास लागलेल्या वेळेवरून आपले उपकरण स्वतःचे स्थान ठरविते. मे २००० पर्यंत नागरी वापराच्या संदेशात हेतुपुरस्सर त्रुटी मिसळलेली असे व त्यामुळे स्थान शंभर मीटरपर्यंत चुकू शके. मे २००० च्या आरंभी अमेरिकी शासनाने ही त्रुटी काढून टाकली. लगेच, ३ मे २००० रोजी, डेव्ह अल्मर या संगणकतज्ज्ञाने ओरेगॉन राज्यातील बीव्हरक्रीकजवळ काही वस्तूंनी भरलेली एक बादली ठेवून तिचे आकडे इंटरनेटवर प्रसिद्ध केले. माइक टीग यांनी ती शोधली. त्याच महिन्यात मॅट स्टम यांनी 'जिओकॅशिंग' हे नाव सुचविले आणि सप्टेंबर २००० मध्ये जेरेमी आयरिश यांनी आज सर्वमान्य असलेले संकेतस्थळ सुरू केले. जगभरातील अशा डब्यांची संख्या आज काही दशलक्षांच्या घरात आहे.

कल्पनेचे मूळ मात्र त्याहून जुने आहे. इंग्लंडमधील डार्टमूरच्या माळरानावर जेम्स पेरट या वाटाड्याने १८५४ मध्ये एका दुर्गम जागी बाटली ठेवली आणि तेथवर पोहोचणाऱ्यांनी आपले ओळखपत्र तीत टाकावे, अशी प्रथा पाडली. 'लेटरबॉक्सिंग' नावाने ती परंपरा पुढे वाढली. जिओकॅशिंग हे तिचेच उपग्रहयुगातील अपत्य होय.

आकड्यांची भाषा

वडूजचे स्थान सुमारे १७ अंश ३५ मिनिटे उत्तर अक्षांश व ७४ अंश २७ मिनिटे पूर्व रेखांश असे आहे. जिओकॅशिंगमध्ये सेकंद न वापरता मिनिटांचेच दशांश तीन स्थळांपर्यंत लिहितात. उदाहरणार्थ, १७° ३५.५००'. या लेखनपद्धतीत शेवटच्या स्थळातील एक अंक बदलला, तर जागा सुमारे पावणेदोन ते दोन मीटरने सरकते. मोबाइलवरील नकाशे मात्र बहुधा अंशांचेच दशांश दाखवितात. नवशिक्याची पहिली चूक येथेच होते. १७° ३५.५००' हा आकडा कोणी १७.३५५०० अंश असा भरला, तर तो वडूज परिसर सोडून सव्वीस किलोमीटर दक्षिणेस, थेट सांगली जिल्ह्यात जाऊन पोहोचेल. म्हणून आकडे भरण्यापूर्वी उपकरणातील लेखनपद्धती तपासून पाहावी.

दुसरी गोष्ट म्हणजे उपकरण आपल्याला डब्यापर्यंत नेत नाही, डब्याच्या आसपास नेते. मोकळ्या आकाशाखाली तीन ते दहा मीटरांचा फरक गृहीत धरावा. कड्याच्या पोटाशी किंवा दाट झाडीत तो अधिक असतो. तेथून पुढे डोळ्यांचे काम सुरू होते. प्रत्येक डब्यास शोधाची अवघडता व वाटेची अवघडता असे दोन गुण दिलेले असतात. एक म्हणजे सर्वांत सोपे, पाच म्हणजे सर्वांत कठीण. मुलांना व ज्येष्ठांना सोबत नेताना वाटेचा गुण आधी पाहावा.

घरी : यजमानाची जबाबदारी

डबा ठेवण्याचे मुख्य नियम थोडे आहेत व ते काटेकोर आहेत. जमिनीच्या मालकाची परवानगी हवी. डबा पुरण्यासाठी खोदकाम करू नये. दोन डब्यांत किमान १६१ मीटर अंतर असावे. आत खाद्यपदार्थ, मद्य, औषधे, ज्वालाग्राही वा धारदार वस्तू ठेवू नयेत. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे डब्याची देखभाल ठेवणाऱ्यानेच करावी. नोंदवही भिजली, झाकण तुटले, डबा नाहीसा झाला, अशी तक्रार आली तर जाऊन दुरुस्ती करावी लागते. म्हणूनच सहलीला गेलेल्या माणसाने दूरच्या गावी डबा ठेवून परतणे नियमात बसत नाही. जेथे आपण वरचेवर जाऊ शकतो, तेथेच यजमान व्हावे.

डबा आणि संशय

आपल्याकडे खरी अडचण नियमांच्या पलीकडे आहे. बेवारस वस्तू दिसल्यास हात लावू नका, पोलिसांना कळवा, हे आपण एसटी स्थानकांवर आणि रेल्वेत वर्षानुवर्षे ऐकत आलो आहोत, आणि ते योग्यच आहे. पुलाखाली किंवा बाजारपेठेत चिकटपट्टी गुंडाळलेला डबा सापडला, तर खेळाची गंमत राहात नाही. बॉम्बशोधक पथक येते.

दुसरा संशय गुप्तधनाचा. गडावर दगड हलवून पाहणारा परका माणूस गावकऱ्यांस धन शोधणाराच वाटणार. हा संशय निराधार नाही, कारण धनाच्या लोभाने गडांवरील व देवळांतील दगड उखडण्याचे प्रकार महाराष्ट्राने पाहिले आहेत. गुप्तधन वा पाण्याचा साठा शोधण्याच्या निमित्ताने होणारी अघोरी कृत्ये २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरली. या कायद्यासाठी आयुष्य वेचणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचेच. जमिनीत सापडलेला दहा रुपयांपेक्षा अधिक मोलाचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांस कळविण्याचे बंधन तर १८७८ च्या निखात निधी कायद्यापासून आहे. अशा मुलखात लपवालपवीचा छंद करावयाचा तर तो उघडपणे, गावाला सांगून करावा लागतो. शोध घेताना कोणी विचारले, तर टाळाटाळ न करता मोबाइल दाखवून खेळ समजावून सांगावा. चोरटेपणाइतका या छंदाला दुसरा शत्रू नाही.

डब्याविना शोध

यावर तोड छंदातच आहे. अनेक टप्प्यांच्या कॅशमध्ये पहिल्या जागी डबा नसतो. तेथील फलकावरील वर्ष, पायऱ्यांची संख्या, कमानीवरील आकडा यांवरून पुढच्या जागेचे अक्षांश-रेखांश काढावयाचे असतात. डबा असतो तो केवळ शेवटी. तो शेवटचा डबा रानात न ठेवता ओळखीच्या नजरेखाली, स्वतःच्या मळ्यातील बांधावर किंवा रीतसर परवानगीने सार्वजनिक वाचनालयाच्या कपाटात ठेवता येतो. त्यामुळे संशयाला जागा उरत नाही आणि शोधणाऱ्याला तालुक्याची ओळख होते.

खटाव तालुक्यात अशा टप्प्यांना तोटा नाही. औंधला यमाईचा डोंगर आहे आणि बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये स्थापन केलेले श्री भवानी संग्रहालय आहे. माळावर एकटाच उभा असलेला, हरणाई देवीचा भूषणगड आहे. सातारा-पंढरपूर मार्गावर वर्धनगड आहे. वडूजमध्ये तर ९ सप्टेंबर १९४२ चा इतिहास आहे. त्या दिवशी कचेरीवर निघालेल्या मोर्चावर गोळीबार होऊन परशुराम घार्गे यांच्यासह अनेक सत्याग्रही हुतात्मे झाले. हुतात्म्यांच्या स्मारकापाशी प्रश्न ठेवावयाचा, तर तो पाहुण्याला तेथील मजकूर थांबून वाचावयास लावणारा असावा, डब्यासाठी धावत येऊन धावत जाण्याचा नसावा. येरळवाडी व मायणी येथील पाणवठ्यांवर स्थलांतरित पक्ष्यांच्या हंगामात काठावर कोणालाही शोधास पाठवू नये. गडावरील चिऱ्यांच्या फटींत, देवळाच्या भिंतींत काहीही खोचू नये. वास्तूचे नुकसान करून मिळणारी गंमत नको.

जिओकॅशिंगचा एक प्रकार पूर्णतः डब्याविना आहे. अमेरिकेच्या भूविज्ञान संस्थेच्या पुढाकाराने जानेवारी २००४ मध्ये सुरू झालेल्या 'अर्थकॅश'मध्ये भूशास्त्रीय वैशिष्ट्य असलेल्या जागी जाऊन, निरीक्षण करून प्रश्नांची उत्तरे पाठवावयाची असतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसातून घडलेला आपला काळा कातळ, पाचगणीच्या पठारावरील जांभा, निघोजचे रांजणखळगे, लोणारचे विवर ही त्यासाठी आदर्श स्थळे होत.

याच कुळातील आणखी एक उपक्रम म्हणजे १९९६ मध्ये अमेरिकेत सुरू झालेला पूर्णांकी छेदबिंदूंचा शोध. जेथे पूर्ण अंशाचे अक्षांश व रेखांश एकमेकांस छेदतात, तेथे जाऊन छायाचित्रे घ्यावयाची. असे चार बिंदू जोडून होणाऱ्या चौकोनाच्या जवळजवळ मध्यभागी वडूज येते. १८ उत्तर, ७४ पूर्व हा बिंदू खंबाटकी घाटाच्या परिसरात येतो. १८-७५ इंदापूर व अकलूज यांच्या दरम्यान. १७-७४ शिराळा-शाहूवाडीच्या डोंगराळ भागात. आणि १७-७५ कवठे महांकाळ व जत यांच्या दरम्यान. बिंदू कोणाच्या उभ्या पिकात येत असल्यास मालकास विचारल्याविना शेतात पाऊल टाकू नये.

प्रवासात : पाहुण्याची रीत

मुला-मुलींकडे परदेशी जाणाऱ्या मराठी आई-वडिलांना हा छंद विशेष उपयोगी पडेल. तेथील उद्यानांत, पायवाटांवर असे डबे विपुल असतात आणि नातवंडांचा हात धरून फिरण्यास निमित्त मिळते. निघण्यापूर्वी आकडे व सूचना मोबाइलमध्ये उतरवून घ्याव्यात, कारण रानात इंटरनेट मिळेलच असे नाही. खिशात पेन ठेवावे. अगदी लहान डब्यांत ते नसते. उद्यान बंद होण्याची वेळ पाळावी, खासगी कुंपण ओलांडू नये आणि डबा सापडला तर येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत उघडू नये.

पाहुण्याने प्रवासात नेण्याजोगी एक वस्तू म्हणजे क्रमांक कोरलेली धातूची पट्टी. ती एका डब्यातून दुसऱ्या डब्यात शोधणाऱ्यांच्या हातून फिरत राहते आणि तिचा प्रत्येक मुक्काम संकेतस्थळावर नोंदला जातो. वडूजहून निघालेली पट्टी अटलांटिकच्या किनाऱ्यावर पोहोचावी, असे ध्येय तिच्यासोबत लिहून देता येते. सापडलेली पट्टी मात्र आपल्याकडे ठेवून घेऊ नये. ती पुढे न्यावी. रिचर्ड गॅरियट यांनी २००८ मध्ये अशी पट्टी आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकावर नेली होती.

परदेशातून येणाऱ्या आप्तांना एक सूचना आवर्जून द्यावी. केवळ संदेश ग्रहण करणारी जीपीएस उपकरणे निराळी आणि उपग्रहाद्वारे संदेश पाठविणारी उपकरणे निराळी. उपग्रह-दूरध्वनी व तत्सम उपकरणे शासनाच्या परवानगीविना भारतात आणणे वा वापरणे गुन्हा आहे आणि गिर्यारोहकांची काही उपकरणे त्यातच मोडतात. या छंदास साधा मोबाइल पुरतो.

जपून शोधा

आपल्या खडकाळ माळावर दगडाखाली फुरसे असू शकते. दिसत नाही तेथे हात घालू नये, आधी काठीने चाचपावे व पायांत बूट असावेत. गडाच्या कड्याला आग्या मोहोळ असेल, तर अत्तर, धूर व गोंगाट टाळावा. कठडा नसलेल्या विहिरीजवळ मोबाइलकडे पाहात चालू नये. उन्हाळ्यात शोध सकाळी दहाच्या आत संपवावा आणि पाणी घरूनच न्यावे. माळावर ते मिळेलच, असे नाही.

आरंभ करू इच्छिणाऱ्याने आधी पाहुणा व्हावे, मग यजमान. पुण्या-मुंबईकडे वा परदेशी जाणे होईल, तेव्हा दहा-बारा डबे शोधावेत. चांगली जागा कोणती व वाईट कोणती, हे त्यातून आपोआप कळते. नंतरच आपल्या गावची एखादी जागा निवडावी. निवडताना एकच प्रश्न स्वतःस विचारावा : डबा नसता, तरीही येथे पाहुण्याला आणले असते का? उत्तर होकारार्थी असेल, तर ती जागा योग्य समजावी.