पैसा फंड काच कारखाना

तळेगाव दाभाडे (ता. मावळ, जि. पुणे) येथील, लोकवर्गणीतून उभा राहिलेला काचकारखाना व काच फुंकण्याच्या शिक्षणाचे केंद्र. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी वर्षाला एक पैसा जमवण्याची कल्पना मांडली. लोकमान्य टिळकांनी ती उचलून धरली (पहा : स्वदेशी चळवळ) आणि १९०८ मध्ये कारखाना निघाला. जपानमध्ये काचविद्या शिकलेले ईश्वरदास वार्ष्णेय हे आरंभीचे तंत्रज्ञ.

काच फुंकण्याचे कसब भट्टीसमोर उभे राहूनच येते. वाळू, सोडा व चुना यांचे मिश्रण सु. १,४००° से. तापमानाला वितळवतात (पहा : काच). शिकाऊ कारागीर पोकळ लोखंडी नळीच्या टोकावर काकवीसारखा दाट रस गुंडाळून घेतो आणि नळी फिरवत बेताने फुंकतो. फिरवणे थांबले की गोळा एका अंगाला लोंबतो. म्हणून फुंकरीआधी हात बसावा लागतो. कंदिलाची चिमणी किंवा बाटली करायची तर गोळा साच्यात फुगवतात. तयार वस्तू सावकाश निववतात (पहा : अनुशीतन), घाई झाल्यास आतल्या ताणाने ती नंतर, कधी हात न लावताही, तडकते.

येथे तयार झालेले कारागीर देशातील इतर काचकारखान्यांत गेले. मालापेक्षा ही माणसेच कारखान्याची मोठी निष्पत्ती होय. अमेरिकेतील पिलचक या काचकला विद्यालयात (स्था. १९७१) हेच कसब उन्हाळी वर्गांत कलानिर्मितीसाठी शिकवतात, तळेगावात ते धंद्यासाठी शिकवले जाई. (पहा : ओगलेवाडी, कंदील.)