बोधी आणि मोक्ष : एका हलक्या लिनक्सचा इतिहास

मंडळी, लिनक्सच्या अनेक अवतारांपैकी एकाचं नाव आहे ‘बोधी’ आणि त्याच्या डेस्कटॉपचं ‘मोक्ष’. आता बोधीनंतर यायला हवं निर्वाण, त्रिरश्मी लेण्यांच्या आपल्या गावात हे कुणीही सांगेल, पण असो.

मूळ डेस्कटॉप ‘एन्लाइटनमेंट’. कार्स्टन हाइट्झलर यांनी १९९० च्या दशकात तो सुरू केला. त्याच्या सतराव्या आवृत्तीला १२ वर्षं लागली! ती आली २१ डिसेंबर २०१२ ला, जगबुडीची हूल उठली होती ना, नेमकी त्याच दिवशी. खिडक्या अलगद सरकतात, सावल्या पडतात, तरी जुनं यंत्र दमत नाही. कसं? पडद्याचा जेवढा भाग बदलला, तेवढाच ती पुन्हा रंगवते. नटणं म्हणजे जड होणं नव्हे, हे तिनं दाखवलं.

याच बळावर जेफ हूगलँड यांनी २०११ मध्ये बोधी आणली. पण एन्लाइटनमेंटच्या पुढच्या आवृत्त्या जुन्या संगणकांवर रेंगाळू लागल्या. मग २०१५ मध्ये बोधीवाले चक्क मागे फिरले, सतरावीच हाती घेतली, तिच्यात सुधारणा केल्या आणि तिला ‘मोक्ष’ म्हटलं. मागे फिरण्याला मोक्ष म्हणावं का, यावर माझे विद्यार्थी तासभर भांडले असते.

दुकानदारानं ‘भंगारात द्या’ म्हटलेला माझा लॅपटॉप त्यावरच चालतो. आजची टिपणं त्याच्यावरच काढलीत.