रिकामी पारडी

वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टमध्ये गेलात, तर योहानेस व्हर्मीरचं एक छोटं चित्र चुकवू नका. उंची जेमतेम ४० सेंटिमीटर, काळ साधारण १६६४. खोलीत अंधार आहे, डावीकडे वर खिडकी आणि टेबलापाशी एक स्त्री उभी. टेबलावर मोत्यांच्या माळा, नाणी, दागिन्यांची उघडी पेटी. तिच्या हातात नाजूक तराजू.

ती काय तोलते आहे?

१६९६ मध्ये ॲमस्टरडॅमला व्हर्मीरच्या २१ चित्रांचा लिलाव झाला. तिथल्या यादीत ही स्त्री 'सोनं तोलणारी' होती, आणि चित्र १५५ गिल्डरला गेलं. पुढे कुणी तिला 'मोती तोलणारी' केलं. तिच्या मागच्या भिंतीवर ख्रिस्ताच्या अंतिम न्यायाचं चित्र टांगलेलं आहे. मग अर्थ लावणं सोपं झालं: बाई ऐहिक धनात गुंतली आहे आणि मागे तिचा निवाडा चालू आहे.

विसाव्या शतकात चित्र सूक्ष्मदर्शकाखाली तपासलं गेलं, आणि पारडी रिकामी निघाली! सोन्यासाठी व्हर्मीरने इतरत्र वापरलेला पिवळा रंग तिथे नाही. टेबलावरचे मोती त्याने दोन थरांत रंगवलेत. पारड्यातला ठिपका एकाच थराचा आहे. ते मोती नाहीत, पारड्यावर पडलेला उजेड आहे.

आता चित्र पुन्हा बघा. त्या काळी हॉलंडमध्ये नाना टांकसाळींची नाणी चालत, काहींच्या कडा कातरलेल्या असत. त्यामुळे नाणी तोलून घेणं हे नेहमीचं, शहाणपणाचं काम होतं. सोनाराच्या दुकानात बसलेल्या कुणालाही ठाऊक असतं, की माल ठेवण्याआधी रिकामा काटा समतोल आहे ना, ते बघावं लागतं. ही स्त्री त्याच क्षणी थांबलेली दिसते. अंतिम न्यायाच्या चित्रांत आत्मे तोलणारा देवदूत मिखाएल बहुधा ख्रिस्ताच्या खाली असतो. इथे नेमकी ती जागा हिने झाकली आहे. म्हणजे ती आरोपी आहे, की न्याय कसा करावा हे दाखवणारी? मला दुसरं अधिक पटतं, कारण चेहऱ्यावर हाव नाही आणि समोरच्या आरशाकडे तिचं लक्षही नाही.

ती गरोदर आहे का, हाही वाद जुनाच. दिसते तशी खरी. पण आखूड जाकीट आणि घेरदार घागरा अशी तेव्हाची फॅशनही होती, आणि डच चित्रांत गरोदर स्त्रिया क्वचितच आढळतात. पुरावा इथेच थांबतो, आपणही थांबावं.

एका यादीतल्या नोंदीने अडीचशेहून अधिक वर्षं या बाईच्या पारड्यात सोनं ठेवलं, आणि त्या सोन्यावरून तिच्या स्वभावाची परीक्षा झाली. घरातल्या स्त्रीचं चित्र दिसलं की तिच्यात लोभ, लज्जा किंवा मातृत्व शोधायची घाई आपणही करतो. म्हणून आधी चित्र बघा, पाटी नंतर वाचा. आज त्या पाटीवर एवढंच नाव आहे: 'तराजू धरलेली स्त्री'.