पोर्शे 911: इंजिन 'चुकीच्या' जागी, तरी 60 वर्षं तीच गाडी कशी?

रेसिंग गेममध्ये तुम्ही जुनी पोर्शे 911 घेतली. वळणात वेग जरा जास्त वाटला, म्हणून अॅक्सिलरेटर सोडला. आणि गाडी गर्रकन फिरून उलट्या तोंडाने उभी राहिली. असं झालं असेल तर गेमला दोष देऊ नका. खरी जुनी 911 पण अशीच वागायची.

याचं कारण एकच आहे. या गाडीचं इंजिन मागच्या चाकांच्याही मागे बसवलेलं आहे. ही जागा पोर्शेने कधी सोडली नाही, पण तिच्यामुळे होणारा त्रास मात्र प्रत्येक पिढीत थोडाथोडा कमी केला. 911 चा इतिहास म्हणजे एकाच बगवर काढलेले 60 वर्षांचे अपडेट्स, असं म्हणायला हरकत नाही.

आधी थोडं फिजिक्स

हातोडी दांड्याला धरून गोल फिरवून बघा. जड टोक बाहेर ओढ घेतं आणि एकदा फिरायला लागलं की पटकन थांबत नाही. 911 मध्ये जड टोक मागे आहे. साधारण 60 टक्के वजन मागच्या चाकांवर, 40 टक्के पुढच्या.

याचा फायदा असा की वळणातून बाहेर पडताना अॅक्सिलरेटर दाबला की मागचे टायर रस्ता घट्ट पकडतात. पण वळणाच्या मध्येच पाय उचलला की वजन पुढे सरकतं, मागच्या टायरची पकड कमी होते आणि जड शेपूट बाहेर पडतं. याला ओव्हरस्टीअर म्हणतात.

आपल्या टाटा नॅनोचं इंजिनही मागे होतं. त्यामुळे तिचे पुढचे टायर 135 मिमी रुंद आणि मागचे 155 मिमी होते. हा उपाय 911 मध्येही दिसतो.

1963 ते 1973: सुरुवात

1963 च्या फ्रँकफर्ट मोटार शोमध्ये ही गाडी 901 या नावाने आली. मध्ये शून्य असलेल्या तीन आकडी नावांवर प्यूजो कंपनीने हक्क सांगितला, म्हणून तिचं नाव 911 झालं. डिझाइन फर्डिनांड अलेक्झांडर पोर्शे यांचं. गोल हेडलाइट, मागे उतरत जाणारं छप्पर, हवेने थंड होणारं 2 लिटरचं सहा सिलिंडर इंजिन, 130 हॉर्सपॉवर.

शेपूट जड म्हणून सुरुवातीच्या काही गाड्यांत पुढच्या बंपरच्या कोपऱ्यांत चक्क लोखंडी वजनं बसवली होती. हा जुगाडच! खरा उपाय 1968 मध्ये आला. मागची चाकं 57 मिमी मागे सरकवली. त्यामुळे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, म्हणजे व्हीलबेस, वाढला आणि गाडी जास्त स्थिर झाली.

उतरत्या छपराचीही एक अडचण होती. जास्त वेगात हवा गाडीचा मागचा भाग वर उचलायची. 1972 मध्ये आलेल्या कॅरेरा आरएस 2.7 ला त्यासाठी बदकाच्या शेपटीसारखा स्पॉयलर लावला आणि मागचे टायर पुढच्यापेक्षा रुंद दिले.

1974 ते 1989: टर्बोची भीती

पुढच्या पिढीत जाड बंपर आले आणि 1974 मध्ये 911 टर्बो आली, 260 हॉर्सपॉवरची. तेव्हाचा टर्बो उशिरा जागा व्हायचा. वळणात अॅक्सिलरेटर दाबला तर आधी काहीच नाही, मग एकदम सगळी ताकद. घाबरून पाय काढला की शेपूट बाहेर. या गाडीला 'विडोमेकर', म्हणजे बायकांना विधवा करणारी, असं नाव पडलं.

1977 मध्ये पोर्शेने पुढे इंजिन असलेली 928 आणली. तीच 911 ची जागा घेणार असा बेत होता. पण 1981 मध्ये प्रमुख झालेल्या पीटर शुट्झ यांनी 911 सुरूच ठेवायचं ठरवलं. 928 चं उत्पादन 1995 मध्ये थांबलं. 911 अजून चालू आहे.

964 आणि 993: मोठी दुरुस्ती

1989 च्या सुमाराची 964 दिसायला जुन्यासारखीच, पण आतून जवळपास नवी होती. फोर-व्हील ड्राइव्ह, एबीएस, पॉवर स्टीअरिंग आणि 80 किमी वेगाला आपोआप वर येणारा स्पॉयलर. 1993 च्या 993 मध्ये मागचं सस्पेन्शन मल्टी-लिंक झालं. आता पाय उचलला तरी मागची चाकं आपला कोन बऱ्यापैकी धरून ठेवायची. हवेने थंड होणाऱ्या इंजिनची ही शेवटची 911.

996 ते 992: सॉफ्टवेअर मदतीला

1997 च्या 996 मध्ये इंजिन पाण्याने थंड व्हायला लागलं. हेडलाइट मात्र गोल राहिले नाहीत. लोकांनी त्यांना 'तळलेलं अंडं' म्हणून हिणवलं आणि 2004 च्या 997 मध्ये गोल हेडलाइट परत आले. पण 996 च्याच काळात स्टॅबिलिटी कंट्रोल आला. गाडी घसरायला लागली की कॉम्प्युटर स्वतः एकेका चाकाला ब्रेक लावतो.

2011 च्या 991 मध्ये व्हीलबेस आणखी 100 मिमी वाढला. स्टीअरिंग इलेक्ट्रिक झालं आणि रस्त्याचा 'फील' हातात येत नाही, अशी जुन्या चाहत्यांची तक्रार सुरू झाली. 2018 मध्ये सादर झालेली 992 तर चाकांजवळच्या सेन्सरने पाण्याचा आवाज 'ऐकते' आणि वेट मोड सुचवते.

आकड्यांत फरक

- व्हीलबेस: पहिली 911 – 2211 मिमी, 992 – 2450 मिमी
- रुंदी: 1610 मिमी, आता 1852 मिमी
- वजन: 1080 किलो, आता साधारण 1500 किलो

मग चांगली कोणती?

सुरक्षित आणि वेगवान हवी असेल तर नवी, यात वाद नाही. जुनी गाडी हलकी आणि छोटी. रस्ता सरळ हातात कळायचा, पण चूक माफ करायची नाही. नवी गाडी चूक झाकते, आणि त्यामुळे आपण चुकलो होतो हेच कधी कधी कळत नाही.

गंमत म्हणजे 2017 च्या 911 आरएसआर या रेसिंग कारमध्ये पोर्शेने इंजिन मागच्या चाकांच्या पुढे आणलं. म्हणजे योग्य जागा कंपनीला नीट माहीत आहे. तरी 2024 ची हायब्रिड 911 सुद्धा इंजिन मागेच घेऊन आली, कारण ते हलवलं तर गाडीचा आकार, मागच्या छोट्या सीट्स आणि वागणं सगळंच बदलेल.

आणि गेम असो की खरा रस्ता, एक नियम प्रत्येक गाडीला लागू आहे: वेग वळणाच्या आधी कमी करायचा, वळणात शिरल्यावर नाही.