आयत्या वेळचें पिठलें

मेजवान्यांचा इतिहास लिहिणें फारसें कठीण नाहीं. पेशव्यांच्या दफ्तरांत जेवणावळींचे खर्च नोंदलेले आहेत, आणि लग्नकार्यांच्या याद्या जुन्या घरांतून अद्यापि सांपडतात. परंतु एखाद्या बुधवारीं रात्रीं साडेआठ वाजतां, घरांतलीं पानें मांडावयाच्या बेतांत असतां, गांवाहून चार आप्त दारांत येऊन उभे राहिले आणि तासाभरांत जेवून तृप्त झाले, ह्याचा कागद कोणींच केला नाहीं. वास्तविक गिरगांवापासून लालबागेपर्यंतच्या मराठी मुंबईचा संसार ज्या कौशल्यावर चालला, तें मेजवानीचें नव्हे. ह्या बुधवारच्या जेवणाचें होय.

लक्ष्मीबाई धुरंधर ह्यांचें ‘गृहिणी-मित्र अथवा एक हजार पाकक्रिया’ हें पुस्तक १९१० सालीं निघालें. पुस्तक मोठ्या उपयोगाचें खरें. पण आयत्या वेळच्या पाहुण्याचा प्रश्न पाकक्रियेचा नसून हिशेबाचा असतो. डब्यांत काय आहे, माणसें किती, आणि जाळ किती वेळ पुरेल? पिठल्यानें हा हिशेब जितक्या वेळां जुळविला तितक्या वेळां दुसऱ्या कोणत्याही पदार्थानें जुळविला नसेल. डाळ शिजावयास वेळ लागतो, भाजीसाठीं मंडई उघडी असावी लागते. बेसन मात्र डब्यांत मुकाट्यानें वाट पाहत बसतें. फोडणींत पाणी ओतावें, उकळी आली कीं कालविलेलें पीठ सोडावें, गुठळ्या मोडाव्या आणि झांकण ठेवून एक वाफ आणावी. पाव तासाचें काम. शिवाय ऐन वेळीं दोन माणसें वाढलीं तरी पाणी वाढवितां येतें. घट्ट राहिलें तर भाकरीशीं, पातळ झालें तर भातावर! (ह्या अस्सल मऱ्हाटी पदार्थांतली मिरची पोर्तुगीजांच्या मागून आपल्याकडे आली, हें अभिमानी मंडळींस मी वर्गांत मुद्दाम सांगतों.)

चाळींतल्या खोलींत जागेची तशीच जाळाचीहि अडचण असे. वरळी, नायगांव, डिलाईल रोड आणि शिवडी येथें १९२० नंतरच्या दशकांत सरकारी विकास खात्यानें चाळी बांधल्या, त्यांतली एक खोली सुमारें १६० चौरस फुटांची. तेवढ्यांतच झोंपणें, शिजविणें आणि पाहुणा. कोळशाची शेगडी एकदां विझली कीं पुन्हां पेटावयास वेळ घेई. म्हणून १८९२ सालीं स्टॉकहोममध्यें लिंडक्विस्ट नांवाच्या कारागिरानें काढलेला प्रायमस स्टोव्ह मुंबईच्या आतिथ्याला मोठाच आधार झाला. पिन मारली, पंप दिला कीं निळा जाळ तयार. पण तो एकच; त्यामुळें रात्रीच्या ह्या स्वयंपाकाचा क्रम ठरलेला असे. आधीं भात, मग त्याचें पातेलें फडक्यांत गुंडाळून कोपऱ्यांत, नंतर पिठलें, शेवटीं, रॉकेल शिल्लक असेल तर, पापड. हा पापडहि आयत्या वेळचा नव्हेच. वैशाखांत गच्चीवर कावळे हांकीत वाळविलेला तो ठेवा असे.

परळ-लालबागच्या गिरण्यांत काम करणाऱ्या पुष्कळांचें बिऱ्हाड नव्हतें. रत्नागिरी-साताऱ्याकडचे हे गडी एका खोलींत गटानें राहत आणि खानावळवालीकडे जेवत. गांवचा भाऊ नोकरीच्या शोधांत आला तर त्याच्या ताटाचा विचारहि त्या बाईलाच करावा लागे. प्रेमा पुरव ह्यांनीं १९७५ सालीं अन्नपूर्णा महिला मंडळ काढलें, तें अशाच खानावळवाल्या बायांना घेऊन.

युद्धकाळांत हा हिशेब फारच कडक झाला. १९४२ च्या मार्चमध्यें रंगून जपान्यांच्या हातीं गेलें आणि ब्रह्मदेशचा तांदूळ बंद झाला. १९४३ च्या मे महिन्यांत मुंबईंत रेशन सुरू झालें. आतां धान्य कार्डावरच्या माणसांपुरतें, आणि पाहुण्याचें नांव तर कार्डावर नाहीं! माझी आजी सांगे, कोंकणांतून येणारे आमचे आप्त स्वतःपुरते तांदूळ पंचांत बांधून आणीत. पण ते देतांना “घरचे नवे आहेत, चव पाहा” असें म्हणत. दोन्ही पक्षांची अब्रू त्या एका वाक्यांत सांभाळली जाई.

१९६५ सालीं लालबहादुर शास्त्रींनीं सोमवारची रात्र उपाशी काढण्याचें आवाहन केलें. पुढें १९७२ चा दुष्काळ आला, रेशनवर परदेशची तांबडी मिलो ज्वारी आली. तिच्या भाकऱ्या थापतांना बायका रडकुंडीला येत. त्याच सालीं मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आदि बायकांनीं महागाईविरुद्ध समिति उभारली आणि मुंबईच्या रस्त्यांतून लाटण्यांचा मोर्चा निघाला. थाळीवर लाटणें बडविणाऱ्या त्या बायकांची वर्तमानपत्रांनीं थोडी थट्टाहि केली असेल. पण पाहुण्याच्या पानांत काय वाढावें हा घरोघरचा गुप्त हिशेब त्या दिवसांत प्रथमच चव्हाट्यावर मांडला गेला, असें मला वाटतें.

माझ्या लहानपणीं आमच्या गिरगांवच्या दोन खोल्यांत रत्नागिरीची आत्या आणि तिचे यजमान असेच रात्रीं येत. “वहिनी, कांहीं करूं नका हो, आम्ही खाऊन आलों आहों,” असें आत्या उंबऱ्यांतूनच म्हणे, आणि तें खोटें आहे हें आम्हां पोरांसहि ठाऊक असे. आई स्टोव्हला पंप देई. पहिली पंगत पाहुण्यांची आणि पुरुषांची, दुसरी आमची. पातेल्याच्या तळाची खरवड मला मिळे आणि मी ती मोठ्या चवीनें खाई. ती खरवड हाच आईचा वाटा होता, हें पुष्कळ वर्षांनीं माझ्या ध्यानांत आलें, आणि आजवर मी तसेंच धरून चाललों होतों.

गेल्या महिन्यांत दादरला आमच्या घरीं आतेभावाचें कुटुंब असेंच अवचित आलें. पत्नी बाहेरगांवीं होती. पिठलें मींच केलें, आणि जेवतांना खरवडीची ही गोष्ट सर्वांना सांगितली. ऐंशीच्या घरांतली माझी आई हंसूं लागली. “असलें कांहीं लिहून ठेवूं नकोस,” ती म्हणाली. “खरवड मला कधींच आवडली नाहीं. तुमचे पाहुणे आले कीं मी पलीकडच्या वहिनींच्या मोरींत भांडीं घांसावयास जाईं ना, तेव्हां तेथें माझी भाकरी झांकून ठेवलेली असे. त्यांच्याकडे माणसें आलीं म्हणजे त्यांची माझ्याकडे.”