इंग्रजीतील चुका टाळण्याची पुस्तके (सातारा-सांगली)

इंग्रजी लिहिता-बोलताना हटकून होणाऱ्या चुका गोळा करून त्यांची कारणे व शुद्ध रूपे सांगणारी पुस्तके. व्याकरण संपूर्ण भाषा मांडते. ही पुस्तके फक्त ठेच लागण्याच्या जागा दाखवतात. दक्षिण महाराष्ट्रात ती भाषांतराच्या पाठमाला, साहेबांनी इथल्या मुलांसाठी लिहिलेली व्याकरणे आणि परीक्षेची गाइडे अशा तीन रूपांत आली. पैकी पहिले रूप सर्वांत जुने, आणि या नोंदकर्त्याच्या मते सर्वांत कामाचे.

द्वारकानाथ राघोबा तर्खडकर यांची ‘भाषांतर पाठमाला’ हे त्याचे ठळक उदाहरण. तीन भागांच्या या मालेवर मराठी मुलांच्या कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या. तिची रीत साधी होती. एक नियम, थोडे शब्द, मग मराठी वाक्ये इंग्रजीत आणि इंग्रजी वाक्ये मराठीत करण्याचा सराव. दोन्ही वाक्ये शेजारी आल्यामुळे दोन भाषांची वाट कुठे फुटते ते मुलाला आपोआप दिसे. साताऱ्याशी या पुस्तकाचा एक मोठा धागा आहे. भीमराव आंबेडकरांनी ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, इंग्रजी पहिलीत प्रवेश घेतला. वडील रामजी सकपाळ यांनी हॉवर्डची इंग्रजी वाचने आणि तर्खडकरांची पुस्तके त्यांच्याकडून पाठ करून घेतली, असे त्यांच्या बालपणाच्या हकिगतींत येते. पाठांतराला आज नाके मुरडली जातात. पण शब्दयोगी अव्यय कोणत्या क्रियापदापुढे कोणते, हे तर्काने सुटत नाही, ते तोंडातच बसावे लागते.

कराडजवळच्या टेंभूचे गोपाळ गणेश आगरकर (१८५६–१८९५) यांनी उलटी दिशा धरली. ‘वाक्यमीमांसा आणि वाक्यांचे पृथक्करण’ (१८८८) या पुस्तकात त्यांनी इंग्रजी व्याकरणातली वाक्यपृथक्करणाची पद्धत मराठी वाक्याला लावली. चुकांचे पुस्तक ते नव्हे. परंतु दोन्ही भाषांची वाक्ये एकाच मेजावर सोडवून पाहण्याची सवय त्यातून लागते. आगरकर ज्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या संस्थापकांपैकी एक होते, तिनेच पुढे १९१९ साली सांगली-मिरजेच्या मध्ये विलिंग्डन महाविद्यालय काढले. कन्नड कवी वि. कृ. गोकाक तेथे प्राचार्य होते. पुढे ते हैदराबादच्या केंद्रीय इंग्रजी संस्थेचे संचालक झाले. मराठी समीक्षक म. द. हातकणंगलेकर यांनीही येथे वर्षानुवर्षे इंग्रजी शिकवले. सांगलीत इंग्रजीचा प्राध्यापक बहुधा मराठीचा किंवा कन्नडचा लेखकही असे, ही लक्षात घेण्याजोगी गोष्ट आहे.

साहेबांच्या पुस्तकांत मुंबई इलाख्याच्या सनदी सेवेतले जॉर्ज क्लिफर्ड व्हिटवर्थ यांचे १९०७ चे पुस्तक पहिले म्हणावे लागेल. भारतीयांच्या इंग्रजी लिखाणातल्या वाक्प्रयोगांच्या चुका हाच त्याचा विषय. त्यात निरीक्षण बारीक आहे, पण ही चूक लिहिणाऱ्याच्या मातृभाषेतून कुठून येते हे शोधण्याची फारशी इच्छा नाही. ‘रेन अँड मार्टिन’ हे घरोघरी पोहोचलेले व्याकरण १९३० च्या दशकातले. त्याचे एक कर्ते पी. सी. रेन मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरीला होते आणि ‘बो जेस्ट’ ही गाजलेली कादंबरीही त्यांचीच. ‘फिटिकिडीस’ या नावानेच ओळखले जाणारे चुकांचे पुस्तक १९३६ चे आहे, आणि ते सायप्रसमधल्या ग्रीक मुलांना शिकवता-शिकवता तयार झाले.

याच जागी खरी मेख आहे. ग्रीक भाषेत निश्चित उपपद आहे आणि ते विशेषनामांना, भाववाचक नामांनाही लागते. म्हणून ग्रीक मुलगा इंग्रजीत ‘द’ जास्तीचा घालतो आणि फिटिकिडीस तो काढायला सांगतात. मराठीत उपपदच नाही. कवठेमहांकाळचा किंवा माणचा मुलगा ‘ही इज टीचर’ म्हणतो, त्याला उपपद घालायला शिकवावे लागते. दुखणे उलटे, औषध मात्र तेच. उपपद काढण्याचा धडा त्याने इमानेइतबारे गिरवला, तर तो आणखी चुकेल.

मराठीभाषकाच्या बाकीच्या चुकाही अशाच कारणासकट सापडतात. ‘मी काल पुण्याला गेलो होतो’ हे मराठीत सरळ वाक्य. त्यावरून ‘आय हॅड गॉन टू पुणे यस्टरडे’ होते. इंग्रजीत हा काळ भूतकाळातल्या दुसऱ्या एखाद्या घटनेच्या आधीचे सांगण्यासाठी लागतो; नुसते जाऊन आल्याला ‘वेंट’ पुरते. ‘तो येत नाही तोपर्यंत थांब’ यातला नकार उचलून ‘वेट अनटिल ही डझन्ट कम’ तयार होते. इंग्रजी ‘अनटिल’च्या पोटात नकार आधीच आहे. ‘तो म्हणाला की मी येतो’ यात बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे राहतात, म्हणून ‘ही सेड दॅट आय ॲम कमिंग’, आणि ऐकणाऱ्याला प्रश्न पडतो की येणार कोण. ‘तू काल आला नाहीस?’ याला मराठी उत्तर ‘हो, नाही आलो’. इंग्रजीत तिथे ‘नो’ म्हणावे लागते, आणि मुलाखतीत या एका शब्दावरून घोटाळे होतात. जरी-तरीची जोडी ‘दो’ आणि ‘बट’ यांना एकाच वाक्यात बसवते. ‘माझ्यावर रागावला’चे ‘अँग्री ऑन मी’ होते. ‘च’ या अव्ययाचा भार ‘ओन्ली’वर पडतो: ‘आय ॲम फ्रॉम सांगली ओन्ली’. यांतली एकही चूक आळशीपणाची नाही. ज्याची मराठी पक्की, त्याचीच ही चूक पक्की.

तिसरे रूप गाइडांचे. शिवाजी विद्यापीठ (१९६२) आणि दहावी-बारावीचे कोल्हापूर विभागीय मंडळ या दोन्हींच्या कक्षेत सातारा व सांगली येतात, त्यामुळे दोन्हीकडची मागणी एकसारखी. २३ जून १९६१ रोजी सुरू झालेली साताऱ्याची सैनिक शाळा देशातली पहिली. तिथल्या मुलांचे लक्ष्य असलेल्या एनडीएच्या लेखी परीक्षेत ९०० पैकी २०० गुण इंग्रजीचे असतात आणि वाक्यातली चूक ओळखण्याचे प्रश्न त्यात ठरलेले. अशा गाइडांत चुकीची वाक्ये शेकड्याने असतात, कारणे मात्र एका ओळीत आटोपतात. गुण मिळतात, लिहिणे सुधारतेच असे नाही. कपिल देवच्या जाहिरातीमुळे घराघरात माहीत झालेला ‘रॅपिडेक्स’ कोर्स बोलण्याची भीड मोडण्यापुरता चांगला.

जून २००० पासून राज्यात पहिलीपासून इंग्रजी आले, नंतर सेमी-इंग्रजीचे वर्ग वाढले. शब्दसंग्रह वाढला, वर दिलेल्या चुका जागच्या जागी राहिल्या, कारण त्या वाक्यरचनेच्या आहेत.

चूक कशाला म्हणायचे हाही वाद आहे. निहलानी, टंग आणि होसाळी यांच्या १९७९ च्या पुस्तकाने भारतीय व ब्रिटिश प्रयोग शेजारी मांडले, भारतीय प्रयोगांवर सरसकट फुली मारली नाही. ‘प्रीपोन’ ऑक्सफर्डच्या कोशात गेला आहे. देशभर समजणारा प्रयोग सुधारण्यात वेळ घालवू नये. अर्थ उलटवणारी चूक मात्र सोडू नये.

मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याने आधी तर्खडकरांचे तीन भाग हाताने लिहून सोडवावेत, नियमाची शंका आली की रेन-मार्टिन उघडावे, आणि फिटिकिडीस वाचताना उपपदांच्या भागापाशी थोडे थांबून वाचावे. परीक्षेचे गाइड शेवटच्या महिन्यात घेतले तरी चालते.